सेव्ह केलंस ना? जुन्या कॅसेटींसाठी मामाचा कानमंत्र

बाळा, आधी एक फरक समजून घे, मग पुढचं सगळं सोपं आहे. व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये दोन गोष्टी असतात: खेळ आणि तुझा खेळ. खेळ कारखान्यातच चिपमध्ये कायमचा भरलेला असतो. वीज असो नसो, त्याला काही होत नाही. तुझा खेळ म्हणजे तू कुठवर पोहोचलीस, काय मिळवलंस, कोणत्या नावाने खेळलीस. तो दुसऱ्या चिपमध्ये राहतो आणि त्या चिपला अखंड वीज लागते. म्हणून जुन्या कॅसेटीच्या आत एक बटणसेल बसवलेला असतो. देवघरातल्या नंदादीपासारखा तो वर्षानुवर्षं एकटा जागा असतो. तो विझला की खेळ राहतो, तुझा खेळ जातो.

आपल्या संगमनेरात पुष्कळ घरांच्या वाट्याला हा सेलसुद्धा आला नाही. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम हे खेळाचं मशीन काढलं, पुढे त्याचंच परदेशी रूप भारतात ‘समुराई’ नावाने विकलं गेलं. पण गावोगावी पोहोचले ते ‘लिटल मास्टर’सारखे स्वस्तातले जोडभाऊ, आणि त्यांच्याबरोबर ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी, ज्यांत तेच पाच-पंचवीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. त्यांत सेव्ह हा प्रकारच नव्हता. त्यात २००५ नंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. लाईट गेली की गल्लीतल्या तीन-चार घरांतून एकाच वेळी पोरांचा ओरडा ऐकू यायचा. तेव्हा न सेव्ह होणाऱ्या कॅसेटींपासूनच सुरुवात करू.

१. वळवाचं आभाळ भरून आलं की लांबचा खेळ मांडू नकोस — लाईट सांगून जात नाही, आणि सातव्या जगातला मारिओ पुन्हा पहिल्या जगात येऊन उभा राहतो.

२. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा खटका यूपीएस मोडवर ठेव — साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो निमिष जास्त लागतो, तेवढ्यात पंख्याला काही होत नाही पण खेळ बंद पडू शकतो.

३. भिंतीवरच्या बोर्डाला चिठ्ठी लाव, ‘बंद करू नये, खेळ चालू आहे’ — घरातली माणसं बिल वाचवायला बटण बंद करतात, तुझं वैर धरून नाही.

४. रिमोटच्या वायरी जाण्यायेण्याच्या वाटेवर सोडू नकोस. पाय अडकला की मशीन ओढलं जातं, कॅसेट हलते आणि चित्र जागच्या जागी गोठतं — त्यानंतर बंद करण्यावाचून इलाज नसतो.

५. अनेक खेळांच्या कॅसेटीत रिसेटकडे बोट नेऊ नकोस — खेळ मागे जात नाही, थेट यादीवर येतो. घाई झाली बटणाची, माती झाली दुपारची.

६. जिथे सेव्ह नाही तिथे वाट पाठ कर. पहिल्या ‘सुपर मारिओ’त ८ जगं आहेत, प्रत्येकात ४ टप्पे, म्हणजे ३२, पण १-२ च्या शेवटी छतावरून चालत गेलीस तर चौथ्या जगापर्यंतचे पाइप मिळतात, आणि ४-२ मधल्या लपलेल्या वेलीवरून वर चढलीस तर आठव्यापर्यंतचे — पाठ झालेली वाट लाईट गेली तरी पुसली जात नाही.

७. त्याच खेळात सगळे जीव संपले तर सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धर आणि मग स्टार्ट दाब — ज्या जगात मेलीस त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून सुरू होतं. एवढी सोय खेळात आधीपासून होती, सांगणारं कुणी नव्हतं.

८. ‘कॉन्ट्रा’साठी वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, आणि मग स्टार्ट — तीस जीव मिळतात. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’ घरच्या मशीनवर आणताना तपासणी सोपी व्हावी म्हणून ही खूण ठेवली होती, आणि पुढे ती जगभर गेली.

९. ‘सुपर मारिओ ३’ एका बैठकीत पुरा होत नाही आणि सेव्हही होत नाही, म्हणून पॉज करून फक्त टीव्ही बंद करायची जुनी युक्ती आहे. ती जेवणापुरतीच वापर आणि मधून अ‍ॅडॉप्टरला हात लावून बघ — तो तापतो, आणि खेळापेक्षा घर मोठं आहे.

१०. अ‍ॅडॉप्टर हरवला तर ‘बसतोय ना’ म्हणून दुसरा लावू नकोस. जुन्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अधिक-उणे कुठल्या बाजूला ते आधी जुळव — पिन सारखी असली तरी आतली दिशा उलटी असू शकते, आणि मग मशीनच जातं.

यानंतर काही खेळांनी एक वेगळा मार्ग काढला. यंत्राला लक्षात ठेवता येत नाही ना, मग माणसाने ठेवावं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ मध्ये आला तेव्हा तो थांबताना २० जपानी अक्षरांचा मंत्र द्यायचा, तो पुन्हा भरला की तिथूनच पुढे. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. ‘मेट्रॉइड’च्या अमेरिकी कॅसेटीत २४ अक्षरं होती. एक अक्षर चुकलं की सगळं फुकट. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण तिच्यात तुझा खेळ कॅसेटीत नसतो, तुझ्या वहीत असतो.

११. पासवर्डसाठी एक बांधलेली वही ठेव, सुटा कागद नको — सुटे कागद रद्दीत जातात, नाहीतर त्यात भेळ येते.

१२. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांना वेगळी खूण कर. शून्याच्या पोटात तिरकी रेघ मार — महिन्याने तुझंच अक्षर तुला परकं वाटेल.

१३. लिहून झाल्यावर पडद्याकडे बघून उलट्या क्रमाने ताडून पाहा — सरळ वाचताना डोळा चूक सुधारून वाचतो, उलट वाचताना त्याला ते जमत नाही.

१४. मोबाईलवर फोटो काढलास तर तो मोठा करून तपास आणि मगच मशीन बंद कर — जुन्या डब्बा टीव्हीच्या फोटोत काळे पट्टे येतात आणि नेमकं एखादं अक्षर त्यांच्याखाली जातं.

आता सेलवाल्या कॅसेटी. ‘झेल्डा’ १९८७ मध्ये अमेरिकेत कॅसेटीवर आला तो आत बटणसेल घेऊनच. जपानात १९८८ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ने मंत्र सोडून सेल घेतला, आणि ज्यांचा खेळ पुसला गेला त्यांच्या कानात ते अशुभ सूर अजून असतील, कारण नोंद गेल्याचं सांगताना खेळ तेच वाजवायचा. ‘पोकेमॉन’ १९९६ मध्ये गेमबॉय या हातात धरायच्या मशीनवर आला. आपल्याकडे या कॅसेटी बहुतेक परदेशातल्या मावस-चुलत भावंडांच्या बॅगेतून आल्या, आणि म्हणूनच त्यांत आधीच कुणाचं तरी नाव असतं. ते लक्षात ठेव, पुढे लागेल.

१५. जुन्या निन्टेन्डोवर सेव्ह करून बंद करताना रिसेट दाबून धर आणि मगच पॉवर बंद कर. ‘झेल्डा’ स्वतःच पडद्यावर तसं सांगतो — वीज उतरत असताना प्रोसेसर भरकटून सेव्हच्या चिपवर भलतंच लिहू शकतो, रिसेट दाबलेला असला की तो थांबलेला असतो.

१६. ‘सेव्ह होत आहे’ हे वाक्य पडद्यावरून जाईपर्यंत बटणाला हात लावू नकोस — अर्धी लिहिलेली नोंद जुनी राहत नाही आणि नवी होत नाही.

१७. चालू मशीनमधून कॅसेट उपसू नकोस, कितीही घाई असो. आधी सेव्ह, मग बंद, मग बाहेर.

१८. गेमबॉयचा लाल दिवा फिका पडला की तिथेच सेव्ह कर — मशीनचे सेल संपताना मागेपुढे बघत नाहीत.

१९. जुन्या ‘पोकेमॉन’मध्ये एकाच खेळाडूची नोंद राहते. ‘न्यू गेम’ नुसतं बघितलंस तर काही बिघडत नाही, पण त्यात सेव्ह केलंस की आधीचा माणूस गेला — धाकट्यांच्या हातात कॅसेट देण्याआधी हे त्यांना दाखवून दे, ओरडून नाही, शेजारी बसून.

२०. सुरुवातीच्या पडद्यावर वर, सिलेक्ट आणि बी एकदम दाबायला कुणी सांगितलं तर दाबू नकोस — जुन्या ‘पोकेमॉन’मध्ये ती सगळी नोंद पुसण्याची खूण आहे. खेळ विचारतो खरा, पण ‘हो’वर बोट पडायला वेळ लागत नाही.

२१. कॅसेटीत दुसऱ्याचं नाव दिसलं तर त्याला विचारल्याशिवाय नवा खेळ सुरू करू नकोस — तुला ते जुनं वाटतं, पण त्याच्या शाळेच्या सुट्ट्या त्यात आहेत.

२२. कॅसेट चालत नसेल तर तिच्यात फुंकर मारू नकोस. चालते ती फुंकरीने नाही, पुन्हा नीट बसवल्याने. तोंडातली वाफ मात्र पिनांवर राहून त्या काळवंडतात. ओठांची फुंकर, पिनांना गंज.

२३. पिना पुसायला ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आण आणि कापसाच्या काडीने हलक्या हाताने पूस. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते ‘आयपीए’ म्हणून मिळतं — पूर्ण सुकल्यावरच कॅसेट लाव.

२४. सँडपेपर, ब्लेड, भांड्यांची घासणी यांपैकी काही जवळ आणू नकोस — पिनांवरचा मुलामा फार पातळ असतो, एकदा गेला की परत येत नाही.

२५. कॅसेटी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नकोस. घरातल्या थंड कपाटात, उभ्या ठेव — आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली सेल लवकर म्हातारा होतो. पावसाळ्यात डब्यात ती ‘खाऊ नये’ लिहिलेली पुडी टाक, नव्या बुटांच्या खोक्यातून निघते ती.

आता मुख्य काम सांगतो, आणि इथे जरा सावकाश वाच. मघाचे पंचवीस मंत्र कॅसेटीला रोजच्या त्रासापासून वाचवतात, पण सेलचं वय कुणाला थांबवता येत नाही. हे सेल साधारण दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने बसवलेले होते. बरेच त्याहून दुप्पट जगले, हे त्यांचं कौतुक. पण १९९६ ची कॅसेट आज तुझ्या हातात असेल आणि तिच्यातलं नाव अजून दिसत असेल, तर ती उधारीवर जगते आहे. लेबल चकचकीत असेल, खेळ झकास चालत असेल, सेलला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. लेबल नवं, सेल जुना, भरवसा कुणाचा, सांग ना?

आणि गंमत अशी की सेल बदलायचा म्हणजे आधी जुना काढावा लागतो, आणि तो काढला की वीज तुटते, म्हणजे ज्याला वाचवायला निघालीस तेच पुसलं जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नक्कल, मग सेल. नक्कल काढायला कार्ट्रिज रीडर नावाचं छोटं यंत्र मिळतं. कॅसेट त्यात बसवायची, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची, सेव्हची फाईल उतरवून घ्यायची. गेमबॉयसाठी ‘जीबीएक्सकार्ट’ हे त्यातलं नावाजलेलं. एकट्यासाठी महाग वाटेल, पण चार भावंडांनी मिळून घेतलं तर सगळ्यांच्या कॅसेटी एका रविवारात होतात.

२६. फाईल उतरवलीस की ती दोन ठिकाणी ठेव, एक कॉम्प्युटरवर आणि एक त्या माणसाकडे ज्याचं नाव त्यात आहे — एका जागेची नक्कल म्हणजे अर्धी नक्कल.

२७. सेलवरचा नंबर वाचायला शीक. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, २०२५ तेवढाच रुंद पण २.५ जाड, १६१६ म्हणजे १६ रुंद, १.६ जाड. जो निघाला तोच बसव — तिन्ही ३ व्होल्टचेच, पण जाडी चुकली तर कॅसेट नीट मिटत नाही आणि आयुष्यही वेगळं.

२८. २०३२ कुठे मिळतो म्हणून पुण्याला फोन करू नकोस. गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ‘मदरबोर्डचा सेल’ म्हण — तोच आहे.

२९. मात्र कॅसेटीसाठी पाय जोडलेला सेल माग, नाहीतर सेल अडकवायचं छोटं घर बसवून घे. सेलला थेट सोल्डर लावू देऊ नकोस — त्या उष्णतेने लिथियमचा सेल फुटू शकतो, आणि तुझे डोळे कुठल्याही खेळापेक्षा मोलाचे आहेत.

३०. सोल्डरिंग हाताला नसेल तर मोबाईल दुरुस्ती करणाऱ्याकडे जा, पण समोर बसून करून घे आणि अधिकची बाजू कुठे ते जुना सेल काढण्याआधी फोटोत धर — उलटा बसलेला सेल काम करत नाही, आणि दोष मग कॅसेटीवर येतो.

३१. गेमबॉयच्या कॅसेटीचा स्क्रू साध्या पेचकसाने उकलू नकोस, त्याला ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो — जबरदस्ती केलीस तर डोकं झिजतं आणि पुढच्या वेळी प्लास्टिक फोडावं लागतं.

३२. मल्टिमीटरने ३ व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नकोस — लिथियमचा सेल शेवटपर्यंत जवळजवळ तेवढेच दाखवतो आणि मग एकदम उतरतो.

३३. घरात ‘पोकेमॉन गोल्ड’ किंवा ‘सिल्व्हर’ असेल तर रांगेत त्यांना पहिला नंबर दे — त्यांतला सेल नोंदीबरोबर घड्याळही चालवतो, त्यामुळे ‘रेड’, ‘ब्लू’ या लाल-निळ्या भावंडांपेक्षा नंतर जन्मून आधी संपतो.

३४. ‘रुबी’ आणि ‘सफायर’ सुरू करताना सेल संपल्याचा निरोप आला तर रडू नकोस. त्यांची नोंद फ्लॅश चिपमध्ये असते, तिला सेल लागत नाही — थांबलं आहे ते फक्त घड्याळ.

३५. काढलेला सेल एक क्षणही टेबलावर सोडू नकोस. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लाव, डबीत टाक, डबी उंचावर ठेव. लहान मुलाने बटणसेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून २ तासांत आतून भाजतो. नुसता संशय आला तरी उलटी काढायला न लावता, घरचे उपाय न करता, सरळ दवाखाना गाठ. बाकीचे सगळे मंत्र विसरलीस तरी चालेल, हा नको.

विकत घ्यायला निघाली असशील तर थोडं ऐक. नकली कॅसेटींत नोंद टिकत नाही ही तक्रार फार जुनी आहे. काहींत सेलची जागाच रिकामी असते, काहींत अस्सलला जिथे सेल लागत नाही तिथे स्वस्तातला सेल खुपसलेला असतो.

३६. नवी घेतलेली जुनी कॅसेट आधी तपास: पाच मिनिटं खेळ, सेव्ह कर, बंद करून कॅसेट काढून ठेव, दुसऱ्या दिवशी लाव. नाव दिसलं तरच तिच्यावर सुट्टी खर्च कर — सेव्ह झालं हे सांगणं वेगळं आणि राहिलं हे दिसणं वेगळं.

३७. कॅसेटीऐवजी मोबाईलवर इम्युलेटरने, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपने, खेळत असशील तर त्यात दोन प्रकारची सेव्ह असते, एक इम्युलेटरची आणि एक खेळाच्या आतली. दोन्ही करत जा — इम्युलेटर बदलला की पहिली बऱ्याचदा उघडत नाही, आतली फाईल मात्र दुसऱ्या इम्युलेटरमध्ये सहसा चालते.

३८. फोन बदलताना फोटोंआधी सेव्हच्या फाईल हलव — फोटो आपोआप वर जातात, या फाईलना कुणी वाली नसतो.

आपल्याच गावचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) फटक्यांतून लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या गावात राहून मामाने अडतीस सांगितल्या तर एवढं चालायचंच. आता दोनच राहिल्या.

३९. नवा सेल बसवला की त्या दिवसाची तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून कॅसेटीच्या आत चिकटव — पुढच्या वेळी ती उघडणारी तू नसशीलही, आणि त्या पोराला अंदाज बांधावा लागू नये.

४०. जुनी फाईल लगेच परत भरू नकोस. आधी नव्या सेलवर खोटी नोंद करून ती एक रात्र टिकते का बघ. टिकली की मग खरी भर, खेळ सुरू कर, नाव दिसलं की पडद्याचा फोटो ज्याचा त्याला पाठव. तिकडे रात्र असेल, पण या कामासाठी उठवलेलं त्याला चालेल.